नटबोल्टांनी जोडलेली गाडी

मोटारीच्या बॉडीचा पत्रा कोण दाबून देतो, हा प्रश्न कारखानदारांचा. घरच्या गॅरेजमध्ये हातात पाना घेऊन बसणाऱ्याला त्याचं काय? पण माझी १९६८ सालची ट्रायम्फ स्पिटफायर आज रस्त्यावर धावते, ती या प्रश्नाला मिळालेल्या एका नाइलाजाच्या उत्तरामुळे. त्या उत्तराची हकिगत मला सांगायची आहे, कारण इंग्लंडात घरोघरी जुन्या स्पोर्ट्स कार उघडून पुन्हा उभ्या करण्याची जी रीत आहे, तिचं मूळ लोक हौसेत शोधतात. हौस आहेच. पण हौसेला हात घालता येईल अशी गाडी आधी कोणीतरी बनवावी लागते.

१९५३ साली फिशर अँड लडलो ही कंपनी विकली गेली. मोटारींच्या बॉड्या बनवणं हा तिचा धंदा, आणि कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉड्या तिच्याकडून येत. विकत घेणारी कंपनी होती ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन झालेला बलाढ्य प्रतिस्पर्धी. आता त्याच्या मालकीच्या कारखान्यातून आपल्या नव्या गाडीची बॉडी कोण मागणार, आणि मागितली तरी तो ती का देणार?

तोपर्यंत सगळा धंदा दुसऱ्याच दिशेने निघाला होता. स्वतंत्र चासी आणि तिच्यावर ठेवलेली बॉडी ही जुनी पद्धत मागे पडत होती. पत्र्याचीच एकसंध पेटी करायची आणि तिलाच इंजिन, चाकं, सगळं अडकवायचं, ही नवी पद्धत. तिने गाडी हलकी होते, पण त्यासाठी प्रचंड प्रेस लागतात आणि पूर्ण बॉडी एका जागी तयार करणारा कोणीतरी लागतो. स्टँडर्ड-ट्रायम्फचे मुख्य अभियंता हॅरी वेब्स्टर यांच्यापुढे तोच दरवाजा बंद झाला होता. त्यांनी जुन्या वाटेनेच जायचं ठरवलं. चासी वेगळी ठेवायची, बॉडीचे भाग निरनिराळ्या पुरवठादारांकडून तुकड्यातुकड्यांनी करून घ्यायचे आणि कारखान्यात बोल्टने एकमेकांना जोडायचे. बाह्यरूप तुरिनच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी काढलं. २२ एप्रिल १९५९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ती गाडी लोकांपुढे आली. तिचं नाव ट्रायम्फ हेराल्ड. छत बोल्टवर, दारांखालचे सिल बोल्टवर, आणि पुढचं सगळं नाक, मडगार्डांसकट, बिजागरीवर पुढे कलंडणारं.

व्यापाराच्या कोंडीतून निघालेली ही रचना पुढे दुरुस्ती करणाऱ्यांच्या किती कामी येईल, हे ती आखणाऱ्यांच्या मनातही नसेल. त्यांना एकाच चासीवर निरनिराळ्या बॉड्या चढवायच्या होत्या, आणि तसं झालंही. हेराल्डचीच चासी आखूड करून तिच्यावर दोन माणसांची उघडी गाडी बसवायची, असा एक नमुना मिकेलोत्तींनी करून दिला. कारखान्यात त्याला ‘बॉम्ब’ म्हणत. मग पैसे संपले. तो नमुना कापडाखाली झाकून एका कोपऱ्यात ढकलला गेला. १९६१ साली ट्रक बनवणाऱ्या लेलँडने स्टँडर्ड-ट्रायम्फ विकत घेतली. लेलँडचे स्टॅन्ली मार्कलँड कारखाना पाहत फिरत असताना त्यांनी ते कापड उचललं आणि गाडी करायला मंजुरी दिली. ऑक्टोबर १९६२ मध्ये ती बाजारात आली, युद्धातल्या विमानाचं नाव घेऊन. १९८० पर्यंत ३ लाखांहून अधिक स्पिटफायर तयार झाल्या. सगळ्या कॉव्हेंट्रीच्या कॅनली भागात.

मी मूळची सांगलीची. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात मुली जवळजवळ नव्हत्याच. हेराल्ड मला इंग्लंडात यायच्या कितीतरी आधी ठाऊक होती, कारण मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ती १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने बनवत होती. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे एक होती. ती बंद पडली की मेस्त्री यायचा, बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या कड्या काढायचा आणि गाडीचं अख्खं तोंड पुढे कलंडवायचा. मग पुढच्या टायरवर बैठक मारून काम. इंजिन, रेडिएटर, स्टिअरिंगची दांडी, पुढची सस्पेन्शन, सगळं त्याच्या गुडघ्यांसमोर. इतर गाड्यांत मान खाली घालून अंधारात चाचपडावं लागे. इथे मेस्त्री बसून काम करतो, याचं मला फार अप्रूप वाटायचं.

आपल्याकडच्या मेस्त्रींचा या गाडीवर एक राग मात्र होता, मागच्या चाकांचा. हेराल्डच्या मागच्या दोन्ही अर्ध्या दांड्या डिफरन्शिअलपाशी मोकळ्या हलतात आणि त्यांच्यावर एकच आडवा पाटा असतो. भरलेली गाडी, खड्ड्यांचा रस्ता, आणि चाकं फाकलेली दिसायची. शेवटी मद्रासच्या कंपनीने १९७२ मध्ये आणलेल्या ‘गझेल’ला सरळ अखंड धुरा बसवली. इंग्लंडात स्पिटफायर चालवणाऱ्यांचीही तक्रार याच दांड्यांवर होती, पण वेगळ्या कारणाने. वळणावर जोरात असताना एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बाहेरचं मागचं चाक गाडीखाली दुमडतं आणि मागचा भाग उसळतो. १९७० च्या अखेरीस आलेल्या मार्क फोर या स्पिटफायरच्या चौथ्या आवृत्तीत कंपनीने पाट्याचा बहुतेक भाग मधल्या खिळीवर डोलता ठेवून हा दोष पुष्कळ काढला. माझी मार्क थ्री, म्हणजे आधीची. बरेच मालक नंतरचा डोलणारा पाटा आणून बसवतात आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. मी जुनाच ठेवला आहे. गाडीचा स्वभाव माहीत असला की वळणाच्या आधी वेग उतरवायचा आणि वळणात पाय हलवायचा नाही, एवढं पाळलं की ती नीट चालते.

लग्न होऊन मी कॉव्हेंट्रीत आले ते १९७९ साल. या शहराने घड्याळं केली, रेशमी फिती विणल्या, मग शिलाई मशिनं, सायकली आणि शेवटी मोटारी. ट्रायम्फ हे नाव न्यूरेंबर्गहून आलेल्या सीगफ्रीड बेटमान यांनी आधी सायकलींना दिलं. पुढे १९१३ मध्ये ते या शहराचे महापौर झाले. एका कारागिरीतून दुसरी निघत गेलेलं असं हे गाव. मी आले तेव्हा मात्र ते आटत चाललं होतं. ऑगस्ट १९८० मध्ये शेवटची स्पिटफायर बाहेर पडली आणि कॅनलीत गाड्या जोडणं थांबलं. आमच्या गल्लीत त्या लाइनवर काम केलेली माणसं राहत. मला एका मशीन टूलच्या कारखान्यात तपासणी खात्यात काम मिळालं. मायक्रोमीटर, गेज, सरफेस प्लेट यांच्यात माझी नोकरीची वर्षं गेली. त्यामुळे पुढे ही गाडी घरी आली तेव्हा मापाची सवय हातात होती. पत्र्याची नव्हती. वेल्डिंग मी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात शिकले. तिथे शिकायला येणाऱ्यांत निम्मेअधिक लोक आपापल्या जुन्या गाडीसाठीच आलेले असत.

घरी गाडी उघडण्याची इथली रीत माझ्या गाडीहून पुष्कळ जुनी आहे. तिची सुरुवात शोधायची तर ऑस्टिन सेव्हनपाशी जावं लागतं. १९२२ ते १९३९ या काळात ती छोटी गाडी सुमारे २ लाख ९० हजार बनली. दहा-पंधरा वर्षांनी ती मातीमोल भावात मिळू लागली. तरुण पोरं तिची बॉडी काढून टाकत, चासी आणि इंजिन ठेवत आणि वर स्वतःच्या हाताने अ‍ॅल्युमिनिअमची किंवा प्लायवूडची हलकी बॉडी चढवत. या मंडळींचा ७५० मोटर क्लब १९३९ मध्ये स्थापन झाला. कॉलिन चॅपमन नावाच्या विद्यार्थ्याने १९४८ मध्ये लंडनमध्ये मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये अशीच एक ऑस्टिन सेव्हन बदलली. त्यातूनच लोटस कंपनी उभी राहिली. पुढे चॅपमननी लोटस एलानला पुढच्या चाकांचे खांब लावले ते ट्रायम्फ हेराल्डचे.

सरकारनेही या रीतीला नकळत खतपाणी घातलं. तयार मोटारीवर जबर खरेदी कर होता. सुट्या भागांच्या संचावर तो नव्हता. म्हणून लोटस सेव्हनसारख्या गाड्या खोक्यांतून विकल्या जात आणि घेणारा त्या घरी जोडत असे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही सवलत गेली. पण तोवर कारकून, मास्तर, बँकेतले लोक अशांच्या एका पिढीने इंजिन साखळीने टांगून गाडीत उतरवलं होतं.

मग पुस्तक आलं. जॉन हेन्स यांचा जन्म सिलोनचा, शिक्षण केंटमधल्या वसतिगृहाच्या शाळेत. शाळकरी वयातच त्यांनी ऑस्टिन सेव्हनची ‘स्पेशल’, म्हणजे अशीच हाताने बदललेली गाडी, केली आणि ती कशी केली याची पुस्तिका काढून विकली. पुढे हवाईदलात असताना एडनला त्यांची नेमणूक झाली. तिथे एका सहकाऱ्याने जुनी ऑस्टिन-हीली स्प्राइट घेतली. कंपनीचं पुस्तक पाहिलं तर ते आधीच सगळं येणाऱ्या फिटरसाठी लिहिलेलं. हेन्सनी ती गाडी पूर्ण उघडली, प्रत्येक टप्प्याला फोटो काढले आणि पुन्हा जोडली. त्यावरचं पुस्तक १९६६ मध्ये निघालं. पहिल्या ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या.

हेन्सच्या पुस्तकांचं मोल मला अनुभवाने कळलं. कारखान्याच्या पुस्तकात खास हत्यारांचे नंबर असतात, जी हत्यारं फक्त डीलरकडे असत. हेन्सच्या फोटोत साधा पाना, लाकडाचा ठोकळा आणि काळवंडलेली बोटं दिसतात. हे काम तुमच्यासारख्याच माणसाने घरच्यासारख्याच जागेत केलं आहे, हा धीर त्या फोटोंतून मिळतो. माझ्या मते गेल्या शतकात इंग्लंडातल्या सामान्य माणसाला यंत्राची भीती सोडायला कोणी शिकवलं असेल, तर ते या पुस्तकांनी.

आता माझी गाडी. ती मिळाली तेव्हा तिचा सांगाडा एका गॅरेजात होता आणि बाकीचा ऐवज खोक्यांत. रंग लाल होता. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. बॉडीवरच्या पट्टीचा एफडीने सुरू होणारा नंबर कळवला की तिथून दाखला येतो. गाडी कोणत्या तारखेला तयार झाली, कुठे रवाना झाली, कोणत्या रंगाची होती, सगळं त्यात असतं. माझी रॉयल ब्लू निघाली. दरवाजाच्या आतल्या कडेचा लाल रंग खरवडला तर खाली निळा होताच. मी तिला पुन्हा निळी केली.

स्पिटफायरला स्वतंत्र चासी आहे म्हणून सिल गंजले तरी बिघडत नाही, असं नवखे समजतात. हेराल्डच्या बाबतीत ते चाललं असतं. स्पिटफायरची चासी बाजूंनी छाटलेली आहे, मधल्या कण्यावरच भिस्त, आणि बाजूचा भार सिल पेलतात. आतला पत्रा, मधला मजबुतीचा पत्रा आणि बाहेरचा पत्रा, असे तीन थर असतात. गंज लागतो तो आतून. पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आत साचतं आणि बाहेरून रंग चकचकीत असताना मधला थर पावडर झालेला असतो. तो बदलताना बॉडी चासीवर घट्ट बोल्ट केलेलीच ठेवायची, गाडी चाकांवर सपाट उभी करायची, दाराच्या चौकटीत आडवी सळी वेल्ड करायची आणि मगच जुना सिल कापायचा. एका वेळी एकच बाजू. दार आणि चौकट यांच्यातली फट वर आणि खाली सारखी आहे का, हे मी प्रत्येक टाक्यानंतर पाहत होते. घाई करून लांब टाका मारला की पत्रा तापून ओढला जातो आणि दार कायमचं बसत नाही.

या गाडीचा सगळ्यात नाजूक भाग मात्र पुढच्या चाकांत आहे. त्याला ट्रनियन म्हणतात. चाकाच्या उभ्या खांबाच्या खालच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि तो खांब पितळी ट्रनियनमध्ये स्क्रूसारखा बसतो. स्टिअरिंग फिरवलं की खांब त्या आट्यांत फिरतो. दोन्ही बाजूंचे आटे एकमेकांच्या उलट. ट्रनियनमध्ये ग्रीस घालायचं नाही, गिअरचं घट्ट ऑइल घालायचं, नव्वदचं. ग्रीसगनमध्ये ऑइल भरून ते वरून झिरपेपर्यंत दाबायचं. कंपनीने हे पहिल्यापासून सांगितलं होतं. पण गॅरेजवाले इतर गाड्यांच्या सवयीने ग्रीस मारत राहिले. ग्रीस सुकतं, आट्यांच्या तळाशी पाणी बसून राहतं, खांब तिथे कुजतो आणि एके दिवशी मुटकन मोडतो. चाक आडवं पडतं. अशा मोडलेल्या गाड्यांमुळे ट्रायम्फच्या ट्रनियनची बदनामी झाली. मला ती अन्यायाची वाटते. रचना जुनाट आहे हे कबूल, पण वेळेवर दोन घोट ऑइल मिळालं की ती वर्षानुवर्षं टिकते.

इंजिनाच्या खोडीही अशाच, कळल्या की आवरणाऱ्या. १२९६ सीसीचं हे इंजिन स्टँडर्डच्या जुन्या ८०३ सीसीच्या इंजिनाचाच वाढवत नेलेला वंश. यात क्रँक मागेपुढे सरकू नये म्हणून सगळ्यात मागच्या मेन बेअरिंगपाशी अर्धचंद्राकृती दोन थ्रस्ट वॉशर असतात. क्लच दाबला की सगळा रेटा यातल्या एकावर येतो. तो झिजून पातळ झाला की खाली ऑइलच्या टाकीत पडतो. मग क्रँकच ब्लॉकला घासू लागतो आणि ब्लॉक वाया. तपासायला फार काही लागत नाही. एकाने क्लच दाबायचा, सोडायचा. दुसऱ्याने समोर बसून क्रँकच्या पुलीकडे पाहायचं. पुली डोळ्याला दिसेल इतकी हलली तर लगेच ऑइलची टाकी उतरवायची आणि इंजिन जागेवर ठेवूनच खालून नवे वॉशर सरकवायचे. माझ्या शेजारच्या काकांनी उमेदीची वर्षं कॅनलीला काढली. ते मला नेहमी सांगायचे, ‘सिग्नलला क्लच दाबून उभी राहू नकोस, बेटा, न्यूट्रल कर.’ इंग्रजीतच सांगायचे, पण त्यांचा स्वर आमच्या सांगलीच्या मेस्त्रीचाच.

कायद्यानेही ही रीत घडत गेली. जुन्या गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी, जिला इथे एमओटी म्हणतात, १९६० मध्ये आली. आधी दहा वर्षांवरच्या गाड्यांना, पुढे १९६७ पासून तीन वर्षांवरच्यांना. कुजलेल्या चासीची गाडी त्यामुळे रस्त्यावरून हटली, आणि ज्यांना ती हवी होती त्यांना वेल्डिंग शिकावं लागलं. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना ही तपासणी माफ आहे. मी तरीही दरवर्षी करून घेते. ब्रेकच्या पाइपांकडे माझ्याशिवाय आणखी एका जाणत्या माणसाने पाहावं, असं मला वाटतं.

पेट्रोलची गोष्ट निराळी. २००० साली इथे शिशाचं पेट्रोल पंपांवरून गेलं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हची बैठक त्या शिशावर टिकायची. म्हणून हेड उतरवून कठीण पोलादाच्या कड्या बसवून घेतल्या. २०२१ मध्ये दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. ते जुन्या रबराला खातं. कार्ब्युरेटरकडे जाणारे सगळे नळ बदलले आणि टाकीत महागडं, कमी इथेनॉलचं पेट्रोल घालते. भारतात आता वीस टक्क्यांचं पेट्रोल आहे. तिकडे ज्यांच्याकडे जुनी हेराल्ड किंवा गझेल असेल त्यांनी आधी रबरी नळ्यांवरून बोट फिरवावं. बोटाला काळं लागलं किंवा पेट्रोलचा ओलसरपणा जाणवला तर नळी त्याच दिवशी बदलावी.

सुटे भाग आजही मिळतात याचं श्रेय मालकांच्या क्लबांना आहे. ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब १९७७ मध्ये सुरू झाला, म्हणजे गाडी अजून बनत होती तेव्हाच. क्लबच्या सभासदांनी गिऱ्हाईक म्हणून एकत्र राहून मागणी टिकवली, आणि मागणी टिकली म्हणून छोटे कारखाने सिल, ट्रनियन, पाटे पुन्हा बनवू लागले. गुणवत्ता सारखी नसते. नवीन आलेला प्रत्येक भाग मी जुन्याशेजारी ठेवून मापते आणि न बसणारा परत पाठवते. जुना भाग मापाला उतरत असेल तर तोच साफ करून लावणं मला केव्हाही पसंत.

या हिवाळ्यात गिअरबॉक्स काढायचा आहे. दुसऱ्या गिअरला कुरकुर ऐकू येते, सिंक्रोची कडी झिजली असणार. स्पिटफायरचा गिअरबॉक्स गाडीखाली शिरून काढावा लागत नाही. दोन्ही सीट काढायच्या, मधलं झाकण बोल्ट सोडून उचलायचं आणि तो आतूनच बाहेर घ्यायचा. वजनाला दोघं लागतात. पलीकडच्या घरातली मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, ती येते म्हणाली आहे. तिला आधी पुलीची तपासणी दाखवीन, मग ट्रनियनचं ऑइल, आणि त्यानंतर सीटचे बोल्ट तिच्याच हातात देईन.